बिलाखालची बारीक ओळ : विक्रीकराच्या ताळमेळाचा इतिहास

महाराष्ट्रातल्या एखाद्या दुकानाचं १९९० सालच्या आसपासचं छापील बिल काढून पाहा. तळाशी ‘चू. भू. दे. घे.’ आणि सहीची जागा यांच्या आसपास मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक प्रतिज्ञापन असायचं. त्याचा मराठीत मथितार्थ असा : मुंबई विक्रीकर कायदा, १९५९ खालचा आमचा नोंदणी दाखला या विक्रीच्या दिवशी अमलात आहे आणि ही विक्री आम्ही आमच्या नेहमीच्या धंद्याच्या ओघात केली आहे. आता त्याच दुकानाचं २००६ किंवा २००७ सालचं बिल घ्या. प्रतिज्ञापन लांबलेलं दिसेल. विवरणपत्र भरताना ही विक्री उलाढालीत धरली जाईल आणि तिच्यावरचा कर भरलेला आहे किंवा भरला जाईल, अशी भर त्यात पडली आहे.

ही ओळ गिऱ्हाइकाने कधी वाचली नाही. दुकानदारानेही क्वचितच वाचली असेल. छापखान्यातल्या कंपोझिटरला मात्र ती पाठ होती. मी करसल्लागार म्हणून तीस वर्षं या बिलांच्या ढिगाऱ्यात काढली आहेत आणि माझं मत असं झालं आहे की आपल्याकडच्या विक्रीकराचा सगळा इतिहास या दोन मजकुरांच्या फरकात साठलेला आहे. पहिला मजकूर सांगतो, मी कोण आहे. दुसरा सांगतो, मी पुढे काय करीन. आणि त्याने ते केलं नाही तर काय, हा प्रश्न या कायद्याला गेली साठ वर्षं सुटलेला नाही.

या कराची सुरुवात आपल्याच भूमीशी जोडलेली आहे, हे फारसं सांगितलं जात नाही. १९३५च्या कायद्याने प्रांतांना मालाच्या विक्रीवर कर बसवण्याचा अधिकार दिला. तो पहिल्यांदा वापरला मध्य प्रांत व वऱ्हाडने, १९३८ साली, मोटार स्पिरिट आणि वंगणतेलावर. केंद्र सरकारने हरकत घेतली की हे तर उत्पादनशुल्क झालं. प्रकरण नव्यानेच स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे गेलं आणि कोर्टाने प्रांताच्या बाजूने अभिप्राय दिला. दुसऱ्याच वर्षी मद्रासमध्ये राजाजींच्या मंत्रिमंडळाने सर्वसाधारण विक्रीकर आणला; दारूबंदीमुळे बुडालेलं उत्पन्न भरून काढायचं होतं. मुंबई प्रांतात तो १९४६ साली आला. पुढे १९५९चा कायदा झाला, तो १ जानेवारी १९६०पासून लागू झाला आणि चारच महिन्यांनी राज्याचं नाव बदललं. कायद्याचं नाव मात्र ‘मुंबई’च राहिलं, थेट २००५पर्यंत.

त्या कायद्याच्या उत्तरार्धात बहुतेक मालावर कर एकदाच, म्हणजे पहिल्या विक्रीवर लागत असे. मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याने कर भरला की त्याच्याकडून माल घेणाऱ्या साताऱ्याच्या दुकानदाराने फक्त एवढंच दाखवायचं : मी नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेतलेला माल तसाच पुढे विकला. बाजाराच्या भाषेत अशी खरेदी ‘आरडी’ आणि बिननोंदणी व्यापाऱ्याकडची ‘यूआरडी’. हे दोन शब्द आजही जुन्या मुनिमांच्या तोंडी आहेत. सगळी मदार विकणाऱ्याच्या नोंदणी क्रमांकावर होती, म्हणून तो क्रमांक आणि ते प्रतिज्ञापन बिलावर लागे.

ताळमेळ तेव्हाही बघितला जाई, पण तो बघणारा माणूस असे. असेसमेंटच्या तारखेला दुकानदार किंवा त्याचा वकील वह्यांचं गाठोडं घेऊन विक्रीकर कार्यालयात जाई. अधिकारी रोजकीर्द, खतावणी, खरेदीची बिलं चाळी. एखादं बिल संशयास्पद वाटलं तर ज्या वॉर्डात विकणाऱ्याची नोंदणी आहे तिथल्या अधिकाऱ्याला लेखी विचारणा जाई : अमक्या तारखेची अमक्या रकमेची विक्री या व्यापाऱ्याने दाखवली आहे का? उत्तर यायला महिने लागत. कित्येकदा येतच नसे. शिवाय दोन व्यापाऱ्यांच्या वह्या एका दिवशी बंद होतच नसत. कुणाचं वर्ष मार्चअखेर संपे, तर कुणाचं लक्ष्मीपूजनाला. प्राप्तिकरासाठी १ एप्रिल ते ३१ मार्च हे एकच वर्ष सगळ्यांना सक्तीचं झालं ते १९८९-९०च्या आकारणी वर्षापासून. त्याआधी पाडव्याला नवी वही उघडणाऱ्याचा आकडा मार्चमध्ये वही मिटणाऱ्याच्या आकड्याशी जुळवायचा म्हणजे दोन वेगवेगळी पंचांगं जुळवण्यासारखं होतं.

त्या पद्धतीचं गुणगान करायचं मला कारण नाही. त्यात ओळखीपाळखी होत्या, टेबलाखालचे व्यवहार होते, दहा-दहा वर्षं लोंबकळलेली प्रकरणं होती. पण एक गोष्ट तिच्यात होती : शंका आली तर ती निरसायची जबाबदारी निदान सुरुवातीला सरकारच्या माणसाची होती.

या जबाबदारीचा पहिला मोठा निवाडा सर्वोच्च न्यायालयात झाला तो महाराष्ट्राच्याच प्रकरणात. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध सुरेश ट्रेडिंग कंपनी’ हे त्याचं नाव. खरेदी १९६७ सालची, निकाल १९९६चा. एका व्यापाऱ्याने नोंदणीकृत विक्रेत्यांकडून माल घेतला. नंतर विभागाने त्या विक्रेत्यांची नोंदणी रद्द केली, आणि तीही मागच्या तारखेपासून. मग घेणाऱ्याला सांगण्यात आलं की तू बिननोंदणी माणसाकडून माल घेतलास, तुझी वजावट गेली. न्यायालयाने हे मानलं नाही. खरेदीच्या दिवशी जो दाखला अमलात होता त्यावर विसंबण्याचा घेणाऱ्याला हक्क आहे. पुढे दाखला मागील तारखेने रद्द झाला म्हणून त्याचं झालेलं नुकसान त्याच्या माथी मारता येणार नाही. त्या बारीक ओळीला तिथे कायद्याचं बळ मिळालं असं म्हणता येईल. एकोणतीस वर्षांनी मिळालं, हाही या इतिहासाचा भाग आहे.

आणि मग १ एप्रिल २००५ उजाडला. मूल्यवर्धित कर आला. व्यापाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला, बाजार बंद ठेवले, पण व्हॅट आला तो राहिला. त्याचं गणित ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हार्डवेअरच्या दुकानदाराने १,००० रुपयांचा माल घेतला, त्यावर साडेबारा टक्क्यांनी १२५ रुपये कर विक्रेत्याला दिला. तो माल त्याने १,२०० रुपयांना विकला आणि गिऱ्हाइकाकडून १५० रुपये कर घेतला. सरकारला त्याने १५० नव्हे, २५ रुपये द्यायचे; कारण १२५ त्याने आधीच दिले आहेत. ही जी १२५ची वजावट, तीच ‘सेट-ऑफ’. आता विक्रेत्याने ते १२५ रुपये खिशात घातले आणि भरलेच नाहीत, तर सरकारकडे १५०पैकी फक्त २५ पोचतात. सरकार म्हणतं, जे माझ्या तिजोरीत आलंच नाही त्याची वजावट मी कशी देऊ? दुकानदार म्हणतो, मी तर १२५ रुपये मोजून दिले, पावती माझ्याकडे आहे. विकणारा तुम्हीच नोंदवलेला. दोघांचंही खरं आहे आणि पेच तिथेच आहे.

महाराष्ट्राच्या व्हॅट कायद्याने हा पेच सरकारच्या बाजूने सोडवला. कलम ४८(५) सांगत होतं की त्या मालावर प्रत्यक्षात सरकारी तिजोरीत जेवढा कर भरला गेला त्याहून जास्त वजावट कधीही मिळणार नाही. या कलमाला महालक्ष्मी कॉटन जिनिंग या कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. मे २०१२मध्ये निकाल लागला : कलम वैध. वजावट हा जन्मसिद्ध हक्क नाही, ती कायद्याने दिलेली सवलत आहे आणि कायदा तिला अटी घालू शकतो, असं न्यायालयाचं म्हणणं. मात्र थकबाकीदार विक्रेत्यांवर विभाग कारवाई करील, त्यांची नावं संकेतस्थळावर टाकील आणि त्यांच्याकडून वसुली झाली तर घेणाऱ्याला लाभ देईल, ही विभागाची भूमिकाही त्या प्रकरणात पुढे आली. कागदावर हे समतोल दिसतं. पण ज्याने कर बुडवला त्याच्याकडून वसुली होईपर्यंत घेणाऱ्याचे पैसे अडकलेले, आणि बुडवणारा बहुधा गाशा गुंडाळून गेलेला.

विभागाची बाजू मी हलकी लेखत नाही. त्या वर्षांत ‘हवाला बिलं’ हा खरोखर धंदा झाला होता. माल नाही, गाडी नाही, गोदाम नाही. नोंदणी घ्यायची आणि शेकड्यावर कमिशन घेऊन नुसती बिलं विकायची. बिलाखाली ती प्रतिज्ञापनाची ओळ ठसठशीत छापलेली असायची, किंबहुना अशा बिलांवर ती जास्तच नीटनेटकी दिसे. विभागाने अशा विक्रेत्यांच्या याद्या जाहीर केल्या. याद्या पुढे प्राप्तिकर खात्याकडे गेल्या आणि त्यांनीही जुनी प्रकरणं उघडली. माझगावच्या विक्रीकर भवनातून निघालेली एक यादी दुसऱ्या खात्यात पोचून तिथेही वर्षानुवर्षं खटले उभे करीत राहिली. त्यात लबाड होते तसे दलालाच्या सांगण्यावरून खरा माल घेऊन भलत्याचंच बिल पदरात पडलेले भाबडेही होते. दोघांना वेगळं कसं करायचं याचं साधन यादीत नव्हतं.

साधन शोधलं गेलं ते फॉर्म ७०४मध्ये. ठराविक मर्यादेवर (सुरुवातीला ४० लाख रुपये) उलाढाल असणाऱ्यांना हा लेखापरीक्षण अहवाल सक्तीचा होता. त्याला पुढे जे-१ आणि जे-२ अशी परिशिष्टं जोडली गेली. जे-१मध्ये कुणाकुणाला माल विकला ते त्यांच्या टिन क्रमांकासह, जे-२मध्ये कुणाकडून घेतला ते. माझा जे-२ आणि तुमचा जे-१ संगणक एकमेकांशेजारी ठेवणार आणि फरक निघाला की नोटीस. महाराष्ट्रात ‘मिसमॅच’ हा शब्द घरोघरी नसला तरी दुकानोदुकानी गेला तो इथून. टिनमधले पहिले दोन आकडे २७, म्हणजे महाराष्ट्र. हेच २७ आज जीएसटी क्रमांकाच्याही सुरुवातीला आहेत.

या फरकांची कारणं मी एका वहीत टिपून ठेवत असे. टिनचा एक आकडा चुकीचा टंकलेला. ३१ मार्चला बिल फाडलेलं, माल ट्रकने ३ एप्रिलला पोचलेला. विकणाऱ्याने जुन्या वर्षात धरला, घेणाऱ्याने नव्या. दर-फरकाची क्रेडिट नोट एकाने नोंदवली, दुसऱ्याने नाही. आणि सर्वांत जास्त वेळा : विकणाऱ्याची उलाढाल मर्यादेच्या आत, त्यामुळे त्याने ७०४ भरलेलाच नाही, म्हणून त्याचा जे-१ अस्तित्वातच नाही. खरी लबाडी या वहीत फारच थोड्या ओळींना आली. पण नोटिशीत सगळ्या फरकांचा चेहरा एकच असतो. घेणाऱ्याला विकणाऱ्याचा जे-१ पाहण्याची सोयही नव्हती. दोन-तीन वर्षांनी नोटीस आली की त्याने जुन्या विक्रेत्यांना फोन करत सुटायचं, लेजरची सही-शिक्क्याची प्रत मागायची. असेसिंग अधिकाऱ्याने एकेकाळी वॉर्डातून वॉर्डात पाठवलेली विचारणा आता व्यापारी व्यापाऱ्याला करू लागला. मला वाटतं खरा बदल झाला तो इथे, जीएसटीत नव्हे.

जीएसटीने मात्र ही दुखणी मुळातून काढण्याचं वचन दिलं होतं. १ जुलै २०१७ला आलेल्या मूळ आराखड्यात तीन विवरणपत्रं होती. १० तारखेपर्यंत विकणारा जीएसटीआर-१मध्ये बिलागणिक विक्री कळवणार. ती घेणाऱ्यासमोर येणार, तो १५ तारखेपर्यंत जीएसटीआर-२मध्ये ‘हे बरोबर, हे चूक, हे राहिलं’ असं सांगणार. मग २० तारखेला दोघांच्या संमतीचा जीएसटीआर-३. आराखडा सुंदर होता. फरक निघेल तेव्हा दोघंही समोरासमोर, महिन्याच्या आत. पण पोर्टलला तो भार पेलला नाही. नोव्हेंबर २०१७मध्ये गुवाहाटीच्या बैठकीत जीएसटी परिषदेने २ आणि ३ बाजूला ठेवले. तात्पुरता म्हणून आणलेला ३बी हा गोषवारा कायमचा झाला आणि जुळवणीची मूळ कलमं १ ऑक्टोबर २०२२पासून कायद्यातूनच गेली.

मधली वर्षं अधांतरी गेली. एकीकडे ३बी, त्यात घेणारा आपल्या वहीप्रमाणे वजावटीचा एकच आकडा लिहितो. दुसरीकडे २ए, त्यात विकणाऱ्यांनी भरलेलं आपोआप गोळा होतं. दोघांना जोडणारा पूल नाही. ऑक्टोबर २०१९मध्ये नियम ३६(४) आला : २ए मध्ये दिसतं त्याच्या वर २० टक्क्यांपर्यंतच जादा वजावट घ्या. तीन महिन्यांत २०चे १० झाले, जानेवारी २०२१मध्ये ५ आणि जानेवारी २०२२पासून शून्य. दिसेल तेवढंच मिळेल. पण मागच्या, विशेषतः पहिल्या तीन वर्षांचा हिशेब मागायला विभाग आला तो या नव्या चष्म्यातूनच. २०१७-१८च्या आदेशांची मुदत ३१ डिसेंबर २०२३ला संपत होती. त्या हिवाळ्यात नोटिशींचा पाऊस पडला.

नोटीस पोचण्याची रीतही बदलली होती. पूर्वी शिपाई यायचा, पोचीवर सही घ्यायचा, चहा प्यायचा. आता नोटीस पोर्टलवर चढवली की ती पोचली. तीही कित्येकदा नेहमीच्या जागी नव्हे, ‘अतिरिक्त नोटिसा व आदेश’ अशा एका कोपऱ्यात. वर्षानुवर्षं तिकडे न फिरकलेल्यांना आदेश झाल्यावर, बँक खातं गोठल्यावर कळलं. मद्रास उच्च न्यायालयासारख्या ठिकाणी या एकाच मुद्द्यावर याचिकांची रांग लागली.

त्या काळातलं माझ्याकडचं एक प्रकरण सांगतो, कारण असे कितीतरी असतील. तालुक्याच्या गावातलं रंगांचं दुकान. २०१७-१८मधल्या एका विक्रेत्याची सात बिलं २ए मध्ये नाहीत. कराची रक्कम चौऱ्याऐंशी हजारांच्या आसपास. माल आला होता, पैसे बँकेतून गेले होते, गाडीच्या पावत्या होत्या. विक्रेत्याने ही विक्री नोंदणीकृत व्यापाऱ्याऐवजी किरकोळ गिऱ्हाइकांच्या एकत्रित रकान्यात टाकली असणार, असा माझा कयास. डिसेंबर २०२२च्या १८३ क्रमांकाच्या परिपत्रकाने अशा जुन्या फरकांवर तोडगा दिला होता : रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर विक्रेत्याचंच प्रमाणपत्र पुरे, वर असेल तर सनदी लेखापालाचं. मी विक्रेत्याच्या पत्त्यावर गेलो. ते गृहस्थ कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले होते, नोंदणी रद्द झाली होती. मुलाने मला बसवलं, वडिलांच्या जुन्या लेटरहेडवर ‘ही विक्री आमच्या वडिलांनी दाखवली होती’ असं लिहून सही करून दिलं. त्याला ना कर किती भरला ते ठाऊक, ना पोर्टलचा पासवर्ड. अधिकारी समंजस होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, “अहो, मलाही दिसतंय यात खोटं काही नाही. पण प्रमाणपत्र नोंदणीकृत विक्रेत्याचं पाहिजे. हे मी फाइलला लावू कसं?” आदेश विरुद्ध गेला. पुढे कलम १२८अ ची अभययोजना आली, ३१ मार्च २०२५पर्यंत मूळ कर भरला की व्याज आणि दंड माफ. अपिलाचा खर्च आणि हेलपाटे मोजून माझ्या पक्षकाराने चौऱ्याऐंशी हजार दुसऱ्यांदा भरले. दुसऱ्यांदा हा शब्द मी मुद्दाम वापरतो.

न्यायालयांचं मतही या काळात एका सुरात राहिलं नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७मध्ये म्हटलं की प्रामाणिक घेणाऱ्याला विकणाऱ्याच्या चुकीची शिक्षा नको. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२३मध्ये सनक्राफ्ट एनर्जीच्या प्रकरणात सांगितलं, आधी विकणाऱ्याच्या मागे लागा, तसं का केलं नाही ते दाखवा. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या कॉफी व्यापाऱ्यांच्या प्रकरणात मात्र स्पष्ट केलं की नुसतं बिल आणि चेक पुरेसा नाही. गाडीचा क्रमांक, भाड्याची पावती, माल पोचल्याची नोंद, हे सगळं घेणाऱ्याने सिद्ध करायचं. २०२४मध्ये केरळ उच्च न्यायालयाने जीएसटीतलं कलम १६(२)(क), म्हणजे जुन्या ४८(५)चा वारसच, वैध ठरवलं. आणि ऑक्टोबर २०२५मध्ये दिल्लीच्या जुन्या व्हॅटखालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय पुन्हा घेणाऱ्याच्या बाजूने उभं राहिलं : व्यवहाराच्या दिवशी विक्रेते नोंदणीकृत होते, नोंदणी नंतर रद्द झाली. सुरेश ट्रेडिंगची आठवण यावी असेच हे तथ्य.

विभागानेही काही सुधारलं आहे, ते नोंदवायला हवं. नियम ३७अ मुळे विक्रेत्याने ३बी भरला नाही तर घेणारा वजावट परत करतो, पण विक्रेत्याने भरताच ती पुन्हा मिळते. महालक्ष्मीच्या वेळचं आश्वासन निदान एका नियमात उतरलं. नोटिसाही वर्षांनी येण्याऐवजी आता लगेच येतात. १ आणि ३बी मध्ये फरक असेल तर डीआरसी-०१बी, २बी आणि ३बी मध्ये असेल तर डीआरसी-०१सी. उत्तराला सात दिवस. नाही दिलं तर पुढचा जीएसटीआर-१ भरताच येत नाही, आणि मग तुमच्याकडून माल घेणाऱ्याची वजावट अडते. एकाचा फरक दुसऱ्याच्या गळ्यात असा साखळीने उतरतो.

ऑक्टोबर २०२४पासून पोर्टलवर बिलांची एक नवी सोय आली आहे. विक्रेत्याने चढवलेलं प्रत्येक बिल घेणाऱ्यासमोर येतं आणि तो ‘स्वीकारलं’, ‘नाकारलं’ किंवा ‘थांबवलं’ असं सांगू शकतो. २०१७चा जीएसटीआर-२ वेगळ्या नावाने परत आला म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच की काहीच केलं नाही तर बिल स्वीकारलं असं धरतात. माझ्या पक्षकारांपैकी बहुतेक काहीच करत नाहीत. दर महिन्याच्या १४ तारखेला २बी तयार होतो. त्याच्या आत मी आणि माझी सहकारी एकेका दुकानाची खरेदीची बिलं खतावणीशी लावून बसतो, ज्या विक्रेत्याचं बिल दिसत नाही त्याला फोन करतो, आणि बहुतेक वेळा पलीकडून उत्तर येतं, “टाकतो हो साहेब, पुढच्या महिन्यात.”